केतुब्यातलं नाव

"मंगळवारी आहे ते," अबिगेल म्हणाली. "हाफ डे घेतलाय. पाण्यात तीन डुबक्या, साक्षीला तीन रॅबाय. दॅट्स ऑल, पपा."

रूबेन चेऊलकर नुकतेच वन-नॉर्थच्या ऑफिसातून बुकित बातोकला घरी पोचले होते. एक मोजा काढलेला, एक पायातच. ते उठून खिडकीशी गेले, परत येऊन बसले, पुन्हा उठले.

"हे धर्मात घ्यायचं स्नान झालं," ते म्हणाले. "बाहेरून येणाऱ्यांसाठी असतं ते. तू कुठून येतेस?"

"डॅनियलच्या घरच्यांचे धर्मगुरू, ते रॅबाय, लंडनचे. त्यांना आपण बेने इस्राएल ज्यू म्हणजे कोण, तेच धड माहीत नाही. लग्न अडायला नको म्हणून करतेय. जस्ट टू बी सेफ, लाह."

"मग सांगायचं होतंस त्यांना."

"काय सांगू?"

रूबेन येरझाऱ्या घालू लागले. हॉल केवढासा, चार पावलांत टीव्ही, चार पावलांत दार.

"सांगायचं, माझे पणजोबा चौलला तेलाचा घाणा चालवायचे. गावात कुणाला हिब्रूचं अक्षर वाचता येत नव्हतं, कुणी रॅबाय कधी फिरकला नव्हता. तरी शुक्रवारी दिवस मावळला की बैल सोडायचे, ते शनिवार संपेपर्यंत घाणा बंद, धर्मातला विसाव्याचा वार म्हणून. कुणी बघायला येणार होतं का तिथं?"

"मला माहितीये, पपा. लहानपणापासून ऐकतेय. पण समोर बसलेल्या माणसाला कागद लागतो."

"दिवस बुडायला आला," आतून त्यांची बायको सिपोरा म्हणाली. "मेणबत्त्या लावायच्यात. दोघंही जरा गप्प बसा."

रूबेन गप्प बसले नाहीत. "केतुब्यात काय लिहिणार?" त्यांनी एकदम विचारलं.

केतुबा म्हणजे लग्नाचा करार. सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतात, आणि त्यात मुलीच्या नावापुढे बापाचं नाव येतं.

अबिगेल नखं कुरतडत राहिली. "विचारलं मी. असं स्नान केलेल्या मुलीला बापाऐवजी मूळपुरुष अब्राहामाची मुलगी म्हणून लिहितात. अबिगेल बथ अव्राहाम."

"आणि बथ रूबेन?"

"भांडले मी त्यांच्याशी. डॅनियलही बोलला. नाही ऐकत ते." तिचा आवाज बारीक झाला होता.

सिपोराने मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. मग दर शुक्रवारसारखी अबिगेल बापासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं मान खाली घातली.

रूबेननी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वादाचे शब्द अर्ध्यावर अडले, पुन्हा पहिल्यापासून सुरू करून त्यांनी ते शेवटपर्यंत म्हटले. हात मात्र तिथंच राहिला.

"झालं, पपा," ती हळूच म्हणाली.

"थांब," ते म्हणाले.