दादांनी बघितलं

काम संपल्यावर सहायकाने खाली एक ओळ लिहिली: 'दादांनी बघितलं. बदल पक्का करतो.'

धाकटीचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. दादाला जाऊन चार महिने झाले होते.

नवजात बाळांना औषध देणाऱ्या पंपाचं सॉफ्टवेअर दोघं भावंडं मिळून लिहीत. कोड लिहायला एआय सहायक होता. त्याला रोज नव्याने सगळं सांगत बसावं लागू नये म्हणून दादाने सूचनांची एक फाइल करून ठेवली होती. कामाला लागण्याआधी सहायक ती वाचायचा. पहिलीच सूचना होती: 'डोसच्या हिशोबाला हात लावण्याआधी मला विचार. मी "बघितलं" म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.'

ती ओळ पुसायला धाकटीचा हात धजला नव्हता. सहायक ज्यावर प्रश्न पाठवायचा ते दादाचं खातंही तिने तसंच ठेवलं होतं. चार महिने डोसच्या कोडकडे कुणी फिरकलं नव्हतं. काल तिने ते काम पहिल्यांदा काढलं होतं.

"दादाच्या खात्यात कोण शिरलंय?" तिने त्यांचं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टरला विचारलं.

"पासवर्ड कुणाला देणारा होता का तो? मला कधी चार्जरसुद्धा दिला नाही!" टेस्टर हसला, आणि मग तिचा चेहरा बघून आपल्या स्क्रीनकडे वळला.

तिसऱ्या दिवशी डोसच्या पुढच्या बदलावर दादाच्या खात्यातून सहायकाला उत्तर आलं: 'नाही. वजन ग्रॅममध्ये आहे. किलो समजून डोस काढलाय. पुन्हा बघ.'

तिने तपासलं. डोस हजारपट झाला होता. हे दादाशिवाय कुणाच्या नजरेत आलं असतं?

सहायक आपल्या आठवणी एका वेगळ्या फाइलीत टिपून ठेवायचा. तिने ती उघडली. 'दादा सकाळी अकरानंतरच उत्तर देतात. हल्ली सावकाश लिहितात. कोड दाखवू नकोस म्हणतात, आकडे मागतात.'

भीत भीत तिने सहायकाला सांगितलं, "त्याला विचार, 'दादा, तू आहेस का?'"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून गेल्यावर एकच शब्द आला: 'आहे.'

ती बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली. त्या रात्रीपासून घरात दादाच्या बंद खोलीवरून जाताना ती भिंतीला चिकटून चालू लागली. शेवटचं वर्षभर तो तिथूनच, अंथरुणात बसून काम करायचा. आता सकाळी टेबल पुसायला तेवढे बाबा आत जात. उभा जन्म कंपाउंडरकी केलेला हा बडबड्या माणूस, मुलगा गेल्यापासून जेमतेम हो-नाही बोलायचा.

रविवारी बाबा घरभर चाचपडत होते.

"काय हरवलं, बाबा?"

"चष्मा गं."

"दादाच्या खोलीत बघते."

"तिथे नको!" बाबा एकदम म्हणाले. "तिथे नसेल."

तोवर तिने दार ढकललं होतं. चष्मा दादाच्या लॅपटॉपवर होता. शेजारी टेबलाला एक कागद चिकटवलेला होता. अक्षर दादाचं, शेवटच्या दिवसांतलं, थरथरलेलं.

'बाबा, पासवर्ड खाली लिहिलाय. रोज अकराला उघडा. कोड कळला नाही तरी चालेल, आकडे मागा. डोस तुमच्याइतका कुणाला कळतो? चुकलं असेल तर "नाही" लिहा, बरोबर असेल तर "बघितलं". एक दिवस ती विचारेल, तू आहेस का. "आहे" म्हणा.'