कासारणीनं विचारलं

साखरबाईनं दोन्ही हात पदराखालून बाहेर काढले. मनगटं रिकामी, त्यांवर काचेचे खपली धरलेले ओरखडे.

"सिस्टरबाई, येक इचारू का? रागावू नगा."

मालती सलाइनची बाटली बदलत होती. तिला कसला राग येतोय! या खाटेपाशी यायचं म्हटलं की तिचाच पाय मागं सरायचा. नाहीतर गेल्या आठवड्यात बारामतीच्या या दवाखान्यात तिचंच कौतुक चाललं होतं. कळसच्या म्हस्कूआबांचं हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी मान हलवली, त्यांच्या बायकोनं, साखरबाईनं खाटेच्या लोखंडावर हात आपटून चुडा फोडला. मालतीनं मात्र छाती दाबणं सोडलं नाही. घामाघूम झाली, दाबतच राहिली. आणि अगं बाई, नाडी लागली की! "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती," असं म्हणत सगळ्याजणींनी तिला पेढा भरवला. आबांचं नावच पडलं, मालतीचा पेशंट.

आता ते नाव कुणी घेत नव्हतं. जीव माघारी आला, आबा काही आले नाहीत. डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडलेले. हाक मारा, चिमटा काढा, ओळख म्हणून नाही. कूस बदलली की मालतीच्या दाबण्यानं मोडलेल्या बरगड्यांनी तेवढे कण्हायचे. "उगाच आणलंस गं म्हाताऱ्याला," काल चहा पिता पिता दिपाली सिस्टर म्हणाली. मालतीनं कप तसाच खाली ठेवला.

"विचारा ना, मावशी."

"भाईर कासारीण बसलीया. म्हनलं, चुडा भरावा. तिनं हात धरला अन् इचारलं, मालक हायती न्हवं?" साखरबाईनं कमरेची कागदाची पुडी काढली. "मला काय बी सांगता यीना. बांगड्या तशाच घिऊन आले. तुमी त्यास्नी माघारी आणलं, आता तुमीच सांगा. हायती का न्हायती?"

मालतीनं आबांकडं पाहिलं. छाती वरखाली होत होती. तिनंच चालू केलेली. देवा, असला प्रश्न कुणाच्या वाट्याला येऊ नये!

"आहेत, मावशी," ती कशीबशी म्हणाली. "भरा."

"मंग तुमीच भरा. तुमच्या हाताला यश हाय."

कागदातल्या हिरव्या बांगड्या पुढं आल्या. रोज शंभर सुया टोचणारे मालतीचे हात, पण त्या राठ हातांवरून एकेक बांगडी जपून, अडखळत चढवत होते. तिला रडू आवरेना.

साखरबाईचं तिकडं ध्यानच नव्हतं. ती खाटेवर वाकली, आबांच्या कानाशी हात नेऊन हलवला. बांगड्या किणकिणल्या.

"आवं, आयकलं का?"

थोडा वेळ तिनं वाट पाहिली. मग दुसऱ्या कानाकडं गेली.