बांबूच्या अलीकडची माणसं

पडद्यावरचा पहिला मुडदा माती उकरून उठला आणि अख्ख्या रांगेत हशा पिकला. तो हुबेहूब बिरप्पा दूधवाला होता.

तेच पोट, तीच फेंगडी चाल, हातात कॅनसुद्धा. खरा बिरप्पा नागम्माबाईंच्या मागच्याच खुर्चीत बसला होता. “आयला, पोरानं मलाच मारलं की!” तो ओरडला. नागम्माबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

सिनेमा त्यांच्या लेकाचा होता, मृत्युंजयचा. मूळ सिनेमा जुना, त्यांच्या तरुणपणी गड्ड्याच्या जत्रेत तंबूत लागायचा. गावात साथ येते, मेलेले उठतात आणि जित्यांना चावत सुटतात. त्यांच्या वयाच्या सगळ्यांना तो तोंडपाठ. मृत्युंजयनं आता तोच कार्टूनमध्ये नव्यानं केला होता आणि अख्ख्या गल्लीला तिकिटं पाठवली होती.

लॉकडाऊनपासून लेकानं आईचं तोंड पाहिलं नव्हतं. परवा फोन आला तोही दोन वाक्यांचा. “सगळ्यांना घेऊन बघ, अव्वा. मग मी घरी यायचं का ते तूच सांग.” नागम्माबाईंनी त्याच दिवशी त्याची खोली धुऊन काढली, गादीला ऊन दाखवलं, शेंगाचटणी कुटली. म्हातारपणी दुसरं काय मागायचं होतं त्यांना? पोरगं घरी यावं, एवढंच.

त्या लॉकडाऊनात मृत्युंजय बायकोला घेऊन मोटारसायकलवर पुण्याहून आला होता. राजश्रीला आठवा महिना होता. गल्लीच्या तोंडाशी आडवे बांबू बांधलेले आणि राखणीला कोंडीबा इस्त्रीवाला. आत एकालाच घेता येईल, घरच्या माणसाला, गल्लीचा तसा नियम आहे, असं कोंडीबानं सांगितलं. बायकोला रस्त्यावर टाकून मृत्युंजय थोडाच येणार होता! दोघं माघारी फिरले. राजश्री वाटेत एका बंद शाळेच्या ओसरीवर बाळासकट दगावली.

नियम कुणी केला, हे नंतर कुणीच कबूल करेना. जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवी. राजश्री दुसऱ्या समाजाची, लग्न परस्पर केलेलं, तरी नागम्माबाई ऊर बडवून रडल्या. कोंडीबाला त्यांनी चारचौघांत नाही नाही ते बोलून घेतलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. गल्लीनं त्याच्याकडं कपडे देणं बंद केलं, पोरीची सोयरीक मोडली. पण तो नागम्माबाईंच्याच खोलीत भाडेकरू होता आणि त्यांनी काही त्याला बाहेर काढलं नाही. केवढं मोठं मन, म्हणाले लोक. गेल्या वर्षी कोंडीबा वारला. आज त्याच्या पोरीला, सुकन्याला, नागम्माबाईंनी मुद्दाम शेजारी बसवून घेतलं होतं.

पडद्यावर एकेक मुडदा उठत होता. टेलर उठला, शाळेतले मास्तर उठले, पिठाच्या गिरणीवाली उठली. त्या दिवशी बांबूच्या अलीकडं असलेली सगळी माणसं लेकानं वेचून मुडद्यांत घातली होती. नागम्माबाई प्रत्येक चेहरा जीव मुठीत धरून बघत होत्या. आपण कुठं आहोत का? नव्हत्या. गर्दी सरली तरी त्या नव्हत्या. त्यांना हायसं वाटलं. लेकाचा राग गल्लीवर होता, आईवर नव्हता.

“बाबा दिसंना गेले अजून,” सुकन्या हळूच म्हणाली.

“येतील की. त्यांच्याबिगर कसा व्हईल ह्यो पिच्चर?”

सुकन्या त्यांच्या कानाशी वाकली. “मावशी, बाबा जायच्या आधी पुण्याला जाऊन आले हुते, दादाकडं. काय बोलले ते सांगितलं न्हाई. माफी मागितली आसंल.”

चिवड्याच्या पुडीत गेलेला नागम्माबाईंचा हात तिथंच राहिला.

“मागायलाच पायजे हुती,” त्या म्हणाल्या.

आता तो शेवटचा प्रसंग आला. जुन्या सिनेमात मुलगा बाहेरून हाक मारतो. तो मेलेला आहे हे आईला ठाऊक असतं, तरी ती दार उघडते आणि त्याला पोटाशी धरते. तंबूतल्या बाया इथं हुंदके देऊन रडायच्या. नागम्माबाईंनी रुमाल काढून ठेवला.

पडद्यावर खिडकी दिसली. खिडकीत एक बाई. इरकली लुगडं, कपाळाला विभूती, हनुवटीवर तीळ.

“अगं बया, नागम्माक्का, तुमीच की ह्या!” मागून गिरणीवाली ओरडली. बिरप्पानं शिट्टी मारली. नागम्माबाईंना भरून आलं. सगळ्या मुडद्यांत लेकानं आईला तेवढं जितं ठेवलं होतं.

मग लांब, गल्लीच्या तोंडाशी, मोटारसायकल थांबली. दोघं खाली उतरले. त्यांच्या अंगावर जखमा नव्हत्या, चेहऱ्यांवर जित्या माणसांचा रंग होता. पोरीनं पोटाखाली हात धरला होता. बांबूपाशी राखणीला कोंडीबा होता, तोही धडधाकट जिता. तो पळत खिडकीपाशी आला.

“अक्का, दोघांजवळ डॉक्टरचा कागद हाय. गल्लीची काय ना न्हाई. सोडू का आत?”

“बाबा,” म्हणून सुकन्यानं नागम्माबाईंचं मनगट घट्ट धरलं.

नागम्माबाई उठायला गेल्या. “मला जरा बाहेर...”

“बसा की वो,” बिरप्पानं मागून त्यांना खाली बसवलं. “आत्ता तर तुमचं काम आलंय.”

पडद्यावरच्या बाईनं गल्लीत इकडं तिकडं बघितलं, कुणी नाही अशी खात्री केली आणि खिडकीतून वाकून दबक्या आवाजात म्हणाली, “माझ्या पोराला एकट्याला सोड, कोंडीबा. तिला न्हाई. आन् ह्यो गल्लीचा नियम हाय म्हणून सांग.”