राहीलच्या वाटची माती

धाकटा मुलगा राहील शिकायला जर्मनीला गेला, तेव्हा चांदभाईंनी राहुरीतल्या घरातली त्याची माडीवरची खोली जमानला भाड्याने दिली. जमान अफगाणिस्तानातून इथल्या कृषी विद्यापीठात शिकायला आलेला. चार वर्षांत गडी थेट चांदभाईंच्या तोंडची मराठी बोलायला लागला.

आज चांदभाईच गेले. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर दफन ठरलं. तोवर राहील काही पोचणार नव्हता. थोरल्या आसिफने कबरस्तानात मोबाईल धरला, तर राहील पलीकडून हुंदके देत म्हणाला, "भाई, माझ्या वाटची माती जमानला टाकू दे."

जमानने रिवाजाप्रमाणे राहीलच्या नावाने तीन मुठी माती टाकली. मागे माणसं खोळंबली होती, तरी तो हटला नाही. पुन्हा वाकून त्याने चौथी मूठ भरली. आपल्या बापाच्या कबरीवर हे काय चाललंय, ते आसिफला कळेना. त्याने जमानचं मनगट धरलं.

"आता ही कुनाची?"


"माज्या अब्बासाठी, भाई. मागल्या साली ते गेले, तवा मला जाता न्हाई आलं. आन् आमच्या घरात कुनी भाडेकरू न्हवता."