धक्का दिसायच्या आधी

"टाके उसवतील, बाय. शिडाला डबल दुमड लागते," कमळाकर म्हणाले आणि मनिषाच्या हातातलं काळं कापड त्यांनी सरळ ओढून घेतलं.

गॅदरिंगला आठ दिवस उरले होते. कळंबोलीच्या शाळेत मनिषा नवीन शिक्षिका, त्यामुळे नाटकाचं लोढणं तिच्याच गळ्यात. नवरा दुबईला. समोरच्या दारातले कमळाकर सत्तरीचे, एकटेच. संध्याकाळी ती दोन भाकरी जास्त थापायची आणि त्यांना हाक मारायची. जेवताना बोलायची तीच. घरात दुसऱ्या माणसाचा खाकरण्याचा आवाज असला तरी तिला बरं वाटे.

"शीड काला कशाला?" त्यांनी सुईत दोरा ओवत विचारलं.

"ग्रीकांचा एक राजा होता, एजिअस. त्याचा मुलगा एका राक्षसाला मारायला गलबतातून निघाला. जाताना शीड काळं. ठरलं असं, की जिवंत परत आलो तर पांढरं लावून येईन."

"आमच्यातबी तसाच होता," कमळाकर म्हणाले. "घरात सुतक असला का होडी काला बावटा लावून निघायची. येताना समदी सुखरूप असली का धक्का दिसायच्या आधी पांढरा चढवायचा. घरच्यांना लांबून कलायचा. मंग?"

"मुलगा जिंकला, पण शीड बदलायला विसरला. राजा कड्यावर वाट बघत होता. त्याला काळं शीड दिसलं आणि त्याने समुद्रात उडी घेतली."

बोलून गेल्यावर मनिषाने जीभ चावली. वॉचमन बाळूने तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, म्हाताऱ्याचा पोरगा दर्यात गेलाय, दर अमावास्येला उरणजवळच्या मोरा बंदरावर जातो, उधाणाला दर्या माणूस परत देतो म्हणतात. आणि अशा बापाला आपण हे ऐकवत बसलो! तिला स्वतःचाच राग आला.

कमळाकरांची सुई थांबली होती.

"इसरला कसा?"

"आनंदात. जिंकून येत होता ना."

"हां. आनंदातच इसरतो मानूस." त्यांनी दोन टाके घातले. "मंग त्या पोराचा काय झाला?"

"राजा झाला. मोठं नाव कमावलं."

"कोन काय बोलला नाय त्याला?"

त्यांचा आवाज चढला होता. मुलावर रागावलेत, मनिषाला वाटलं. वाट बघायला लावणाऱ्यावर माणूस रागावणारच.

"गोष्टीत तरी तसं काही नाही. पण त्या समुद्राला बापाचं नाव पडलं, एजिअन. अजून तेच आहे."

"मंग होडी काढली का बापाचा नाव घ्यावाच लागत आसंल त्याला," कमळाकर म्हणाले. त्यांनी गाठ मारून दोरा दातांनी तोडला. त्या दिवशी भाकरी तशीच राहिली.

अमावास्या रविवारी आली. मनिषाने दाराला कुलूप घातलं आणि त्यांच्यासोबत निघाली. एवढ्या लांब एकट्याने कुणाची वाट बघायला जाऊ नये, असं तिचं मत. कमळाकर नको म्हणाले नाहीत. काखेत बांबूची काठी, पिशवीत इस्त्री केलेलं पांढरं धोतर.

पनवेलहून एसटीने उरण, पुढे रिक्षाने मोरा. तिला वाटलं, धक्क्यावर बसायचं असेल. पण कमळाकर लाँचमध्ये चढले. पलीकडे मुंबईत भाऊच्या धक्क्याला उतरले, चहासुद्धा न घेता त्याच लाँचने परत फिरले. तिकीट फाडणारा जगन त्यांना ओळखत होता. त्याने पैसे घेतले नाहीत आणि पुढची जागा मोकळी करून दिली.

मोरा दिसायला अजून वेळ होता. कमळाकरांनी धोतराचं टोक काठीला बांधलं. गाठ दोनदा सुटली. मनिषा मदतीला सरसावली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला.

"माजा मना बांधूं दे."

मग ते लाँचच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभे राहिले आणि काठी दोन्ही हातांनी उंच धरली. वाऱ्याने धोतर फडफडलं. प्रवासी बघू लागले, एकजण हसला. मनिषाला त्या हसणाऱ्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

कमळाकरांची पाठ मात्र अख्ख्या दर्याकडे होती. नजर समोर, धक्क्यावर.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मुलगा दर्याकडून येणार ना? तुम्ही इकडे काय बघताय?"

"कोनाचा मुलगा? मी लगीनच नाय केला, बाय."

धक्का आता स्पष्ट दिसू लागला होता. त्याच्या टोकाची शेवटची पायरी रिकामी होती. कमळाकर टाचा उंचावून, होता नव्हता तेवढा जीव घशात आणून ओरडले,

"बा, थांब! पांढरा लावलाय! यावेली इसरलो नाय!"