टोपीचं निमित्त

लेकीचा आठवा वाढदिवस, म्हणून आम्ही तिघं तळ्याकाठच्या हॉटेलात जेवायला गेलो. पानगळीचे दिवस होते. बाहेर, झाडाखालीच बसायचं हा हट्ट माझा. सूप आलं आणि वरून एक वाळकं पान थेट माझ्या वाटीत पडलं. झालं, माझं डोकंच फिरलं. वाढणाऱ्या ताईंना मी सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. त्या मान खाली घालून "बदलून आणते" एवढंच म्हणाल्या.

जेवण उरकून गाडीपाशी आलो, तर लेक म्हणाली, "माझी टोपी राहिली!" आणि पळत मागे गेली. टोपी तिच्या डोक्यावरच होती. मी मागोमाग गेलो.

ती त्या ताईंचा हात धरून सांगत होती, "ताई, रागावू नका हं. आमचे बाबा घरी असे नसतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी आतून थोडं बरंही वाटलं. पोरीच्या लेखी घरातला बाप तरी चांगला होता.

परतताना ती मागच्या सीटवर झोपून गेली. मग मी बायकोला हळूच सगळं सांगितलं. तिने मागे वळून लेक झोपल्याची खात्री केली.

"दुकानात, सहलीला, जिथे जाऊ तिथे ती हेच सांगून येते," ती म्हणाली. "खोटं बोलू नये, म्हणून मी एकदा दटावलं होतं तिला. तर मला विचारते कशी, 'मग आई, खरं सांगू का?'"