पेरूखालचा ओटा

“अगं, माझी चप्पल कुठं गळाली, बघ जरा.”

नवऱ्याचा तो आवाज अक्काच्या कानात अजून ताजा होता. अप्पा तसे धांदरट. एकाच पायात चप्पल घालून घरी यायचे आणि गल्ली हसायची. पुढं ते पेरूच्या झाडावरून पडून बाजेला खिळले, असं गल्ली सांगायची. मागच्या दारातल्या दगडी पायऱ्या त्यांना पुन्हा उतरता आल्या नाहीत. स्वतः लावलेली बाग त्यांनी शेवटपर्यंत खिडकीतून पाहिली. त्यांचा मुलगा अंबादास तेव्हा रांगत होता.

आता तो राजारामपुरीतल्या शाळेत मास्तर होता. दसऱ्यापासून अक्काची गुडघ्यांची तक्रार सुरू झाली होती. ती दिवसभर मागच्या दारात बसून राहायची.

“बागेत जाता आलं पायजे,” तिनं हट्ट धरला. “दारापासनं पेरूपतोर लाकडी ओटा बांध. मधी पायरी नको.”

“बांधू की उन्हाळ्यात.”

“तवर कोण थांबतंय? आत्ताच बांध.”

पिराजी सुतारानं गगनबावड्याहून ऐनाचं लाकूड आणलं. खांबांच्या बुडाला डांबर फासून ते दगडांवर उभे केले, वर जाड तुळया बसवल्या. शाळा सुटली की अंबादास सायकलवरून थेट बागेत यायचा आणि हाताखाली राबायचा. अक्काची नजर हलायची नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

“कोपऱ्याला तिरकी पट्टी मार की रं. हलतंय ते.”

“अक्का, चिमणीएवढं तुमचं वजन! हत्ती बांधायचा हाय व्हय हितं?” पिराजी म्हणाला.

“बांधीन न्हायतर काय करीन. तू पट्टी मार.”

कठड्याची वेळ आली तेव्हा पिराजीनं तिच्या मापानं खूण केली. अक्कानं मान हलवली.

“अंबादासच्या कमरंला लाव.”

“तुमाला उंच हुईल की.”

“मला धरून चालवणार कोण? त्योच न्हवं? त्याच्या हाताला बरा पायजे. दोन्ही बाजूंनी लाव.”

“म्हातारी ऐकायची न्हाय, मास्तर,” पिराजी हसला आणि खूण पुसून वर केली.

शेवटची फळी ठोकून पिराजी गेला. ऊन पेरूच्या पानांतून उतरत नव्या लाकडावर सांडलं होतं. अंबादासनं सायकल भिंतीला टेकवली नि अक्कापुढं हात केला.

“चल अक्का. धरून नेऊ का उचलून?”

अक्का त्याच्या पायांकडं बघत होती. डावा पाय अनवाणी होता.

“चप्पल कुठाय रं?”

त्यानं खाली पाहिलं. “अरेच्चा! वाटेत कुठं गळाली, कळलंच न्हाय बघ. दसऱ्यालाबी असंच झालतं.” तो हसला. “अप्पांवर गेलोय, दुसरं काय!”

अक्का उठली. भिंत धरली नाही, दार धरलं नाही. ताठ चालत ओट्यावर गेली आणि वळून उभी राहिली.

“ये. कठडा धर. आत्तापासनं सवय कर.”

“अगं, तुझे गुडघे...”

“माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीया?” तिनं कठड्यावर थोपटलं. “लेकरा, त्येंचीबी आधी अशीच चप्पल गळायची, मागनं पाय गेलं. तुझं अप्पा झाडावरनं कधीच पडलं न्हवतं.”